कवकजालाची जुनी पॅनेले: पुन्हा लावावीत, पुन्हा वाढवावीत की मातीत मिसळावीत?

सुरावट_फोंडा यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या गावातील संगीतवर्ग एका जुन्या चिरेबंदी घरात भरतो. छप्पर कौलारू आणि भिंती उंच असल्यामुळे तबला व पेटी एकत्र वाजू लागली की आवाज एवढा घुमायचा, की मुलांना स्वतःचा सूर ऐकू येत नसे. थर्मोकोल किंवा फोम लावण्यास आमचे मन घेत नव्हते. म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही भाताचा पेंढा आणि लाकडाच्या गिरणीतील भुसा एकत्र करून त्यात धिंगरी अळंबीचे स्पॉन (बियाणे) मिसळले, ते लाकडी साच्यांत भरले आणि बुरशीच्या पांढऱ्या जाळ्याने, म्हणजे कवकजालाने, सारे घट्ट बांधले गेल्यावर पॅनेले वाळवून भिंतींवर लावली. एकूण ६० पॅनेले झाली. प्रत्येक ४५ सेंटीमीटर लांब, तेवढेच रुंद आणि ४ सेंटीमीटर जाड असून वाळल्यावर वजन साधारण एक किलो भरले. वाळवण्यासाठी ओळखीच्या एका काजू कारखान्यातील बोर्मा (काजू वाळवण्याची भट्टी) दोन रात्री मिळाला होता. घुमारा पुष्कळ कमी झाला आणि मुलांच्या गाण्यात तो फरक कानाला कळू लागला.

आता घराची दुरुस्ती निघाल्याने सर्व पॅनेले काढावी लागली. ३६ पॅनेले सागवानी पट्ट्यांवर स्क्रूने बसवली होती. ती जवळजवळ जशीच्या तशी निघाली, फक्त पाचांचे कोपरे तुटले. उरलेली २४ पश्चिमेच्या भिंतीवर थेट गोंदाने चिकटवली होती. त्यांच्या पाठीवर काळे-हिरवे डाग पडले आहेत आणि काढताना त्यांचे तुकडे झाले. ही भिंत दर पावसाळ्यात ओल धरते, हे आमच्या लक्षात असायला हवे होते.

चांगली पॅनेले दुरुस्तीनंतर पुन्हा लावली तर ती टिकतील का, तुटलेले कोपरे पुन्हा वाढवता येतात का, आणि तुकडे झालेल्या मालाचा भुगा करून त्यातच नवे स्पॉन घालून नवी पॅनेले करता येतील का, हे मला जाणून घ्यायचे आहे. तसे करता येत असेल, तर एकच माल किती वेळा फिरवता येतो? ‘शेवटी कंपोस्ट होतेच’ असे अनेकांनी सांगितले, परंतु एवढ्या मेहनतीने केलेली वस्तू दोन वर्षांत खड्ड्यात घालणे मला पटत नाही.

धिंगरी_सत्तरी यांचे उत्तर

मी गेली काही वर्षे सत्तरीत धिंगरीचे छोटे उत्पादन घेतो आणि उरलेल्या मालापासून पॅनेले करण्याचे प्रयोगही करतो. आपल्या प्रश्नातील एक गैरसमज आधी दूर करतो, कारण पुढचे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. पाठीवर आलेले काळे-हिरवे डाग म्हणजे आपली धिंगरी पुन्हा जिवंत झाली असे नाही. बोर्म्यातील सत्तर अंशांच्या आसपासची उष्णता पॅनेलच्या गाभ्यापर्यंत काही तास पोहोचली असेल, तर धिंगरीचे जाळे तिथेच मेले. मात्र मेलेले जाळे आणि अर्धवट पचलेला पेंढा हे इतर बुरशींचे आयते अन्न आहे. हवेत ॲस्परजिलस, पेनिसिलियम आणि ट्रायकोडर्मा यांचे बीजाणू सदैव असतात. त्यांना फक्त ओल लागते आणि ती आपल्या पश्चिमेच्या भिंतीने पुरवली. म्हणून डाग असलेले पॅनेल कोरडे करून पुन्हा भिंतीवर लावू नये. घरात ते हाताळताना आणि विशेषतः त्याचा भुगा करताना तोंडाला चांगला मास्क बांधावा व काम उघड्यावर करावे. अळंबीच्या शेडमध्ये वर्षानुवर्षे बीजाणू श्वासात गेल्याने कामगारांच्या फुप्फुसांना सूज येते, हा वैद्यकशास्त्राला माहीत असलेला आजार आहे, आणि आपल्या खोलीत तर मुले गातात.

आता भुग्याविषयी. धिंगरी ही लाकूड कुजवणारी बुरशी आहे. ती लिग्निन आणि सेल्युलोज दोन्ही खाते आणि त्यांतील काही भाग कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. म्हणजे पॅनेल वाढते तेव्हा त्याचे कोरडे वजन घटत असते. आपण ज्याला बांधणी म्हणतो ती बुरशीने पेंढा खाऊन मिळवलेली असते. त्यामुळे जुना भुगा ‘तोच कच्चा माल’ नसतो. त्यातले सोपे अन्न संपलेले असते आणि पेंढ्याचा तंतू आखूड व ठिसूळ झालेला असतो. नुसत्या जुन्या भुग्यावर स्पॉन टाकल्यास जाळे विरळ धरते, वाढ रेंगाळते आणि त्या रेंगाळण्यात हिरवी बुरशी पुढे निघून जाते. ताज्या पेंढ्यात जुना भुगा मिसळला तर मात्र काम होते. माझ्या हातून एक तृतीयांशापर्यंत जुना माल असलेली पॅनेले नीट झाली आणि अर्ध्याच्या वर गेल्यावर कोपरे झडू लागले. आपल्या पेंढ्याचा आणि भुशाचा हिशेब वेगळा निघू शकतो, म्हणून आधी चार लहान साच्यांत वेगवेगळे प्रमाण घेऊन पाहावे आणि प्रत्येक नमुना वाढीपूर्वी व वाळल्यानंतर तोलावा.

पद्धत नेहमीचीच आहे, पण तिच्यात सवलत घेऊ नये. तुकडे एक ते दोन सेंटीमीटरचे करावेत. अगदी पीठ केले तर हवा खेळत नाही. गोंदाचा थर असलेला भाग कापून वेगळा काढावा. ताजा पेंढा आणि भुगा एकत्र भिजवून ७० ते ८० अंशांच्या गरम पाण्यात किमान एक तास ठेवावे. आपल्याकडे अनेकजण अळंबीसाठी पेंढा कार्बेन्डाझिम आणि फॉर्मलिनच्या पाण्यात अठरा तास बुडवून ठेवतात. घराच्या आत लावण्याच्या वस्तूसाठी मी ते कधीही करणार नाही. निथळल्यावर मूठ दाबली असता एखाद-दुसराच थेंब पडावा, एवढीच ओल ठेवावी. भाताचा कोंडा घालायचा असल्यास अगदी थोडा, कारण नत्र वाढले की धिंगरीआधी हिरवी बुरशी खूश होते. स्पॉनचे प्रमाण मात्र नेहमीपेक्षा वाढवावे, जुन्या मालाच्या मिश्रणात मी दुपटीने घालतो. प्रथम पिशवीत पंधरा-अठरा दिवस वाढू द्यावे, मग ते सारे हाताने मोडून साच्यात दाबून भरावे आणि आणखी पाच-सहा दिवस ठेवावे. मोडल्यामुळे प्रत्येक तुकड्यातून जाळे नव्याने फुटते आणि बांधणी एकसारखी होते. अळंबीच्या टाचण्या (बारीक कोंब) दिसू लागताच साचा उघडून वाळवण्यास घ्यावे, अन्यथा बुरशीची शक्ती फळाकडे वळते आणि बीजाणूंचा त्रास वेगळा.

तुटलेल्या कोपऱ्यांबाबत उत्तर होकारार्थी आहे. तुटलेली बाजू गरम पाण्याच्या वाफेवर धरून ओली करावी, पॅनेल पुन्हा साच्यात ठेवावे आणि रिकाम्या जागेत पिशवीत आधीच वाढलेले जिवंत मिश्रण घट्ट भरावे. जुना भाग मेलेला असला तरी नव्या मिश्रणातले कवकतंतू त्याच्या छिद्रांत शिरून त्याला धरतात. आठवड्याभरात सांधा हाताने ओढून सुटत नाही. त्यानंतर संपूर्ण पॅनेल पुन्हा वाळवणे आवश्यक आहे, नुसता कोपरा नव्हे.

जाता जाता, आपल्याकडे पावसाळ्यात वारुळांवर येणारी रोयण अळमी या कामासाठी वापरता येईल का, असे मला नेहमी विचारले जाते. येणार नाही. ती बुरशी वाळवी आपल्या वारुळात जोपासते आणि वाळवीवाचून ती वाढत नाही. ती रानातच राहू द्यावी.

चिरेबंदी यांचे उत्तर

मी पणजीत वास्तुरचनेचे काम करतो. सत्तरीच्या मित्रांनी जीवशास्त्राची बाजू व्यवस्थित मांडली आहे. मी बांधकामाच्या बाजूने लिहितो, आणि माझे म्हणणे असे की आपल्या ३६ पॅनेलांना पुन्हा वाढवण्याच्या फंदात न पडता ती आहेत तशीच पुन्हा लावणे हा सर्वांत मोलाचा पुनर्वापर आहे.

याचे कारण उष्णतेच्या हिशेबात आहे. साच्यातून निघालेल्या ओल्या पॅनेलमध्ये वजनाच्या साधारण ६५ टक्के पाणी असते. म्हणजे वाळल्यावर एक किलो भरणाऱ्या पॅनेलमधून जवळजवळ १.९ किलो पाणी उडवावे लागते. एक किलो पाण्याची वाफ करण्यास, काहीही वाया न घालवता, सुमारे ०.६५ युनिट ऊर्जा लागते. तेव्हा एका पॅनेलमागे सव्वा युनिट आणि ६० पॅनेलांमागे सत्तर-पंचाहत्तर युनिट नुसत्या वाळवण्यात जातात. प्रत्यक्ष भट्टीत त्याहून पुष्कळ अधिक, आणि पेंढा उकळण्याची ऊर्जा वेगळी. भुगा करून पुन्हा पॅनेल केले की हा सगळा खर्च पुन्हा येतो. स्क्रू काढून पुन्हा लावला तर येत नाही. निसर्गस्नेही साहित्याबद्दल बोलताना कच्च्या मालाची चर्चा फार होते आणि उष्णतेची होत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. आपल्याला काही पॅनेले नव्याने करावीच लागतील, तर वाढ थंडीत आणि वाळवण शिमग्यानंतरच्या उन्हात घ्यावी. उन्हाने बहुतेक पाणी जाईल आणि बोर्मा केवळ शेवटच्या काही तासांसाठी, जाळे मारण्यापुरता लागेल.

या साहित्याकडून काय अपेक्षा ठेवावी तेही स्पष्ट असावे. कवकजालाच्या पॅनेलची दाब सहन करण्याची शक्ती सहसा १ मेगापास्कलच्या आतच असते, तर भाजलेल्या विटेच्या भारतीय मानकातला सर्वांत खालचा वर्गही ३.५ चा आहे. म्हणून चिऱ्याची जागा ते घेऊ शकत नाही. आवाज शोषणे आणि उष्णता अडवणे ही त्याची खरी कामे आहेत. उष्णतावहनांक, म्हणजे पदार्थातून उष्णता किती सहज पलीकडे जाते याचे माप, साधारण ०.०४ ते ०.०८ वॅट प्रति मीटर केल्विन असतो, म्हणजे थर्मोकोलपेक्षा किंचित मागे, पण त्याच्या जवळचा. आग लागल्यास थर्मोकोल वितळून ठिबकतो आणि हे पॅनेल पृष्ठभागावर कोळसा धरते, हा फरक मोठा आहे. तरीही आपण घरी केलेल्या पॅनेलची आगीची चाचणी झालेली नाही, तेव्हा उघडी वायर किंवा तापणारे दिवे त्यांच्या जवळ नकोत.

न्यूयॉर्कमध्ये २०१४ च्या उन्हाळ्यात मोमा पीएस१ या कलासंग्रहालयाच्या अंगणात ‘हाय-फाय’ नावाचा बुरुज उभा राहिला होता. मक्याच्या ताटांचे तुकडे आणि बुरशी यांपासून वाढवलेल्या सुमारे दहा हजार विटा त्यात होत्या आणि हंगाम संपल्यावर त्यांचे कंपोस्ट करण्यात आले. त्याचे कौतुक योग्यच होते. तथापि, तीन महिन्यांनी माती होणे हा तात्पुरत्या मंडपाचा गुण आहे, घराच्या भिंतीचा नव्हे. २०१९ मध्ये नेदरलँड्समधील आइंटहोव्हनला झालेल्या ‘ग्रोइंग पॅव्हिलियन’मध्ये लाकडी सांगाड्यावर कवकजालाची पॅनेले सुटी बसवली होती, म्हणजे सांगाडा आणि पॅनेल एकमेकांपासून वेगळे करता येत होते. मला तो विचार आपल्या कामाचा वाटतो. नामिबियातील मायकोहॅब प्रकल्पाचा क्रम आणखी वेगळा आहे. तिथे माजलेल्या काटेरी झुडपांच्या भुशावर आधी धिंगरी पिकवतात, ती विकतात आणि उरलेला माल दाबून व भाजून त्याचे ठोकळे करतात. तिथली हवा कोरडी आहे, हे मात्र विसरू नये. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही बहुतांश चार महिन्यांत. परदेशातील छायाचित्रांवरून आयुष्याचा अंदाज बांधणाऱ्यांना ही गोष्ट मी आवर्जून सांगतो.

पुन्हा लावताना कापू नका, ही एक विनंती. वाढताना पॅनेलच्या बाहेरच्या अंगावर जाळ्याची दाट कातडी तयार होते आणि ती पाण्याला बऱ्यापैकी अडवते. करवतीने कापल्यावर आतला उघडा पेंढा स्पंजसारखा पाणी पितो. नव्या मांडणीत माप बसत नसेल तर पॅनेलांमधली फट कमी-जास्त करावी.

सुरावट_फोंडा

आपण दोघांनी इतके सविस्तर लिहिले याबद्दल मनापासून आभार. गोंदाने चिकटवणे हीच आमची चूक होती, हे आता स्वच्छ दिसते. एक शंका राहते. दोन पॅनेले खिडकीच्या मापासाठी पूर्वीच कापलेली आहेत. त्यांच्या कापलेल्या कडांना शिंपल्यांच्या चुन्याचा हात द्यावा, असे आमच्या गवंडीकाकांचे मत आहे. परंतु चुना लावलेला माल पुढे कधी वाढवायचा झाल्यास बुरशी मरेल, असे मी ऐकले आहे. शिवाय घरात वाळवी आहे, त्यासाठी पॅनेलांना बोरॅक्सचे पाणी मारावे का?

कुळागर_मडगाव

माझा व्यवसाय सुतारकामाचा आहे, म्हणून वाळवीविषयी लिहितो. बुरशीने मऊ केलेले लाकूड वाळवीला ताज्या लाकडापेक्षा अधिक आवडते, हे जुन्या घरांच्या वाशांची कामे करणारा प्रत्येकजण जाणतो. तुमचे पॅनेल तिच्या दृष्टीने तसलेच खाद्य आहे. मात्र ती हवेतून उडत येऊन पॅनेलमध्ये बसत नाही. ती भिंतीतून, मातीच्या नळीतून चढते. त्यामुळे पॅनेल भिंतीला आणि जमिनीला न टेकणे हाच पहिला उपाय. उभ्या पट्ट्या दोन-अडीच सेंटीमीटर जाडीच्या घ्याव्यात, म्हणजे पॅनेलमागून हवा खालून वर फिरेल. खालची ओळ जमिनीपासून किमान एक फूट वर असावी, जेणेकरून मातीची नळी चढू लागली तर झाडू मारणाऱ्याच्याही नजरेस पडेल. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, प्रत्येक ओळीतले एक पॅनेल काढून मागे बघावे. त्यासाठी स्क्रूचे डोके झाकू नये आणि पितळी किंवा स्टेनलेस स्क्रू वापरावेत. साधे स्क्रू आपल्या हवेत दोन पावसांत गंजून अडकतात आणि मग काढताना पॅनेल फुटते. तुमचे पाच कोपरे बहुधा याच कारणाने गेले असावेत.

बोरॅक्स पट्ट्यांना जरूर लावा, पॅनेलांना लावू नका. बोरॅक्सने वाळवीसोबत बुरशीही मरते, हाच त्याचा उपयोग आहे. तो मुरलेला भुगा पुढे तुमचे स्पॉन कसा धरणार?

धिंगरी_सत्तरी

कुळागर यांच्याशी पूर्ण सहमत. चुन्याच्या बाबतीत मात्र ऐकलेली गोष्ट अर्धीच खरी आहे. धिंगरी आम्लारी (अल्कधर्मी, चुन्यासारखे) माध्यम हिरव्या बुरशीपेक्षा चांगले सोसते आणि म्हणूनच काही ठिकाणी पेंढा गरम पाण्याऐवजी चुन्याच्या निवळीत बुडवून स्वच्छ करतात. कापलेल्या कडेला चुन्याचे दोन हात दिले तर तिथे बुरशी धरण्याचा धोका कमी होईल. पुढे भुगा करताना ती कड खरवडून काढावी, आणि थोडा चुना राहिलाच तर ताज्या पेंढ्यात तो विरून जातो, त्याने वाढ थांबत नाही. ऑइल पेंट, ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचा थर मात्र देऊ नये. तो दिलेले पॅनेल पुन्हा वाढवता येत नाही आणि कंपोस्टातही घालता येत नाही, म्हणजे दोन्ही वाटा एकदम बंद होतात. शिवाय पृष्ठभागाची छिद्रे बुजल्याने आवाज शोषण्याचे कामही कमी होते, जे आपल्या खोलीत सर्वांत महत्त्वाचे आहे.

‘किती वेळा’ या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडून राहिले होते. एक तृतीयांश जुना माल घेऊन केलेल्या पॅनेलचा पुन्हा भुगा केला आणि त्याचाही एक तृतीयांश पुढच्या पॅनेलात घेतला, तर मूळचा माल त्यात साधारण नववा हिस्साच उरतो. प्रत्येक फेरीत दोन तृतीयांश पेंढा ताजा येत असल्यामुळे फेऱ्यांना तशी मर्यादा राहत नाही. मर्यादा येते ती मालाच्या स्वच्छतेची. ज्या तुकड्यावर एकदा हिरवी बुरशी जोरात आली, तो मी कितीही उकळला तरी पुन्हा साच्यात घेत नाही. त्याचे बीजाणू भुगा करतानाच शेडभर पसरतात आणि पुढचा महिनाभर प्रत्येक पिशवीत ते डोके काढतात. हे मी नुकसान सोसून शिकलो आहे. तो माल थेट माडाच्या किंवा सुपारीच्या मुळाशी आळ्यात घालावा आणि वर माती ओढावी.

सुरावट_फोंडा

काल शिष्य आणि पालक मिळून सर्व पॅनेले अंगणात मांडली आणि एकेक तपासली. ३१ पॅनेले पट्ट्यांवर परत जातील, पाचांचे कोपरे डिसेंबरात जिवंत मिश्रणाने भरू. चिकटवलेल्या २४ पैकी आठांच्या पुढच्या अर्ध्या भागावर एकही डाग नाही. तो भाग गोंदापासून वेगळा कापून सुमारे तीन किलो निघाला, तो उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवला आहे. त्याचे चार नमुने चार प्रमाणांत करून तोलून पाहीन. बाकीचा डागाळलेला माल गोंदाचा थर कापून मागच्या कुळागरात सुपारीच्या आळ्यांत गेला. पश्चिमेच्या भिंतीवर या वर्षी काहीही लावणार नाही. आधी तिची ओल कुठून येते ते गवंडीकाका चतुर्थीनंतर शोधणार आहेत, आणि तोवर त्या बाजूला मुलांच्या बसायच्या चटया टांगून आम्ही काम भागवू. नमुन्यांची वजने हाती आली की याच धाग्यावर लिहीन. देव बरे करो.